पोकर टुर्नामेंटच्या पहिल्या तासात मोठे पत्ते आले तर

नागपुरात पोकर शिकायला बसणारा माणूस पत्त्यांना सहसा नवखा नसतो. दिवाळीतली तीन पत्ती आणि मे महिन्याच्या दुपारी कूलरपुढे रंगणारी रमी त्याच्या हातात मुरलेली असते. त्यामुळे पोकरमध्ये एक्क्यांची जोडी आली की तो जुन्या सवयीने वागतो. एक तर गुपचूप बसून सगळ्यांना आत येऊ देतो, नाही तर सगळ्या चिप्स एकदम पुढे ढकलतो. टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारातल्या टुर्नामेंटमध्ये, त्यातही सुरुवातीला, हे दोन्ही महागात पडतं. हा लेख त्या पहिल्या तासापुरता आहे. म्हणजे चिप्स भरपूर आहेत, ब्लाइंड लहान आहेत आणि हातात जोरदार पत्ते आले आहेत.

प्रत्येकाला दोन पत्ते, मधे पाच, त्या सातांतून उत्तम पाचांचा हात, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. तीन पत्तीवाल्यांनी मात्र दोन गोष्टी आधी डोक्यातून काढाव्यात. तीन पत्तीत सीक्वेन्स कलरच्या वर असतो, पोकरमध्ये पाच पत्त्यांचा कलर, म्हणजे फ्लश, सीक्वेन्सला हरवतो. तिथे ट्रेल सगळ्यांचा बाप, इथे तीन सारखे पत्ते सीक्वेन्सच्याही खाली. आणि 'ब्लाइंड' म्हणजे पत्ते न बघता खेळणं नव्हे. वाटप करणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांनी पत्ते बघण्याआधी टाकायची ती सक्तीची रक्कम, एक लहान आणि एक मोठी.

पैशाचा प्रश्न सुरुवातीलाच मिटवा: पैसे लावायचे नाहीत. ऑनलाइन पैसे लावून खेळायच्या खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे आणि पोकरही त्यात येतो. घरी पैशांवर बसलात तर १८८७ पासूनचा राज्याचा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच. चिप्स फक्त मोजायला ठेवा. जिंकणाऱ्याचं नाव पाटीवर लिहा. खेळाची खुमारी यात काडीचीही कमी होत नाही, आणि शिकणाऱ्याचं डोकं शांत राहतं.

टेबल मांडताना

आठ जणांचं एक टेबल धरू. प्रत्येकाला ५,००० च्या चिप्स द्या: २५ च्या आठ, १०० च्या आठ, ५०० च्या चार आणि १,००० च्या दोन. माणशी २२, म्हणजे एकूण १७६ चिप्स लागतात. बर्डीवर किंवा इतवारीत खेळण्यांच्या दुकानात चिप्स मिळाल्या नाहीत तर जाड पुठ्ठ्याच्या रंगीत चकत्या कापा, काम भागतं. पत्त्यांचे दोन कॅट घ्या, पाठी वेगवेगळ्या रंगांच्या. एक वाटला जात असताना दुसरा पिसून तयार राहतो. कॅट प्लास्टिकचेच घ्या. कागदी पत्त्यांना तर्री-पोह्यांच्या बोटांचा डाग एकदा लागला की तो पत्ता पाठीवरून ओळखू येतो, आणि असा ओळखीचा पत्ता एक्का असेल तर डावात राम उरत नाही. कूलरचं तोंड टेबलाकडून फिरवून ठेवा, नाही तर वाटता वाटता पत्ते उलटतात.

ब्लाइंड २५/५० पासून सुरू करा आणि दर वीस मिनिटांनी वाढवा: ५०/१००, मग ७५/१५०, मग १००/२००. हाताने पिसून वाटलं तर तासाला साधारण पंचवीस डाव होतात.

आता आपल्या चिप्स मोजायची पद्धत. ५,००० हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्याला मोठ्या ब्लाइंडने भागा. पहिल्या टप्प्यात तुमच्याकडे १०० मोठे ब्लाइंड आहेत, दुसऱ्यात त्याच ५,००० चे ५०, तिसऱ्यात ३३. पत्ते तेच असले तरी या आकड्यानुसार ते खेळायची रीत बदलते. दर टप्प्याच्या सुरुवातीला हा भागाकार करायची सवय लावा.

जोरदार म्हणजे नेमके कोणते

पहिल्या ओळीत फक्त दोन: एक्क्यांची जोडी आणि राजांची जोडी. दुसऱ्या ओळीत राण्यांची जोडी, गुलामांची जोडी आणि एक्का-राजा. तिसऱ्या ओळीत दश्शींची जोडी आणि एक्का-राणी. दोन्ही पत्ते एकाच रंगाचे, म्हणजे दोन्ही बदाम किंवा दोन्ही इस्पिक, असतील तर थोडा फायदा होतो. थोडाच. बदामची राणी आणि बदामची सत्ती नुसती एका रंगाची म्हणून जोरदार होत नाही, आणि नवखे लोक सर्वांत जास्त चिप्स असल्याच पत्त्यांवर घालवतात.

हे पत्ते किती वेळा येतात तेही बघा. दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्या होऊ शकतात. त्यांत एक्क्यांची जोडी सहा प्रकारे बनते, म्हणजे २२१ डावांत एकदा. एक्के, राजे, राण्या आणि एक्का-राजा हे सगळे धरले तरी ३९ डावांत एकदा. पंचवीस डावांच्या पहिल्या तासात यांतलं काहीच न येण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्तच आहे. म्हणून तासभर फोल्ड करत, म्हणजे पत्ते टाकून देत, बसावं लागलं तर चुकतंय असं समजू नका. कंटाळून राजा-नव्वी उचलणारा माणूस पुढे खरे पत्ते येतात तेव्हा अर्ध्या चिप्सवर बसलेला असतो.

वाढवा, आणि स्वतः वाढवा

पहिली पायरी इथे आहे आणि नव्वद टक्के गडबडही इथेच होते. मोठी जोडी आली की लपवायचा मोह होतो. "आत्ता वाढवलं तर सगळे पळतील," असं वाटतं. पण एक्क्यांची जोडी एका अनोळखी हाताविरुद्ध शंभरात ८५ वेळा जिंकते, दोघांविरुद्ध ७३, तिघांविरुद्ध ६४, चौघांविरुद्ध ५६ आणि पाच जणांविरुद्ध ४९ वेळा. प्रत्येक जास्तीचा माणूस तुमच्या एक्क्यांचा एकेक लचका तोडतो.

एक डाव जवळून बघू. ब्लाइंड २५/५०. तुमच्याकडे इस्पिक आणि किलवरचा एक्का. तुम्ही नुसते ५० टाकून कॉल केलात, म्हणजे आधीच्या रकमेइतकंच टाकलंत, मागचे तिघे आले, लहान ब्लाइंडवाल्याने पूर्ण केले, मोठ्याने चेक केलं, म्हणजे आणखी काही न टाकता पाळी सोडली. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ३०० आणि खेळात सहा जण. फ्लॉप, म्हणजे मधले पहिले तीन पत्ते, पडला: बदाम नव्वी, बदाम अठ्ठी, इस्पिक पंजी. आता कोणाकडे काय आहे? मोठ्या ब्लाइंडवाल्याला पत्ते फुकटात बघायला मिळाले आहेत. त्याच्याकडे नव्वी-अठ्ठी असू शकते, पंजींची जोडी असू शकते, सत्ती-छक्की असेल तर सीक्वेन्स तयारच आहे. शिवाय दोन बदाम घेऊन कोणी फ्लशची वाट बघत असेल. तुमचे एक्के अजूनही पुढे असतील किंवा नसतीलही, पण ते कळायला तुमच्याकडे काहीच मार्ग नाही. आधी १५०-२०० केले असते तर निदान राहिलेल्यांनी काहीतरी बरं धरून ठेवलंय एवढा अंदाज तरी आला असता.

तर किती वाढवायचं? तुमच्या आधी कोणी आलं नसेल तर मोठ्या ब्लाइंडच्या तिप्पट, २५/५० ला १५०. नुसता कॉल करून आलेल्या प्रत्येकामागे आणखी एक मोठा ब्लाइंड, म्हणजे दोघे आले असतील तर २५०. घरच्या टेबलांवर १५० ला चार-चार जण हसत कॉल करतात. तसं टेबल असेल तर सरळ २५० पासून सुरुवात करा. बरोबर आकडा ओळखायची खूण सोपी आहे: एक किंवा दोन जण कॉल करून उरले पाहिजेत. सगळे पळाले तर आकडा मोठा, चौघे उरले तर लहान.

सगळे ५,००० एकदम लोटलेत तर काय होतं? सगळे फोल्ड करतात आणि तुम्हाला ब्लाइंडचे ७५ मिळतात. २२१ डावांत एकदा येणाऱ्या पत्त्यांची एवढीच कमाई. कॉल आलाच तर तो बहुतेक राजांच्या जोडीकडून येईल. त्याच्याविरुद्ध तुम्ही शंभरात ८२ वेळा जिंकाल हे खरं, पण तो माणूस तसाही तुमच्याशी भिडणारच होता.

आणखी एक खबरदारी. एक्क्यांना ४०० आणि एक्का-राणीला १५० असा फरक करू नका. आठवडाभर एकत्र बसणाऱ्या मंडळींना तो दोन बैठकांत पाठ होतो. पत्ते कोणतेही असोत, आकडा एकच.

आधीच कोणी वाढवलं असेल तर

समोरच्याने १५० केले आणि तुमच्याकडे पहिल्या-दुसऱ्या ओळीतले पत्ते असतील, तर पुन्हा वाढवा. फ्लॉपनंतर तुमची पाळी त्याच्या नंतर येणार असेल तर त्याच्या तिप्पट, ४५०. तुम्ही ब्लाइंडवर आहात आणि तुम्हालाच आधी बोलावं लागणार असेल तर चौपट, ६००. आधी बोलणाऱ्याला समोरच्याचं पाऊल दिसत नाही, म्हणून त्याने कॉल महाग करून ठेवायचा. मधे कोणी कॉल केला असेल तर त्याचे १५० आणखी जोडा. दश्शी आणि एक्का-राणी मात्र इथे नुसत्या कॉलने खेळा. सगळ्यांत पुढच्या जागेवरून शांत माणसाने वाढवलं असेल तर एक्का-राणी फेकून दिलेली बरी. त्याच्याकडे एक्का-राजा निघाला तर चारांपैकी तीन वेळा तुम्ही हरता.

तुम्ही १५० केले, त्याने ४५० केले, तर एक्के आणि राजे पुन्हा वाढवतात: १,१०० च्या आसपास. राजांच्या जोडीला घाबरून फोल्ड करू नका. आठ जणांच्या टेबलावर तुमच्याकडे राजे असताना बाकी सातांपैकी कोणाकडे एक्क्यांची जोडी असणं साधारण २९ वेळांत एकदा घडतं. राण्या आणि एक्का-राजा घेऊन, १०० मोठे ब्लाइंड शिल्लक असताना, ४५० चा कॉल करून फ्लॉप बघणं ठीक आहे. राण्यांची जोडी एक्का-राजाविरुद्ध शंभरात ५७ वेळाच जिंकते. पहिल्याच टप्प्यात त्यावर सगळ्या चिप्स लावायची घाई नको.

तिसऱ्या टप्प्यात गणित पालटतं. ७५/१५० ला तुमच्याकडे ४,५०० असतील तर ते फक्त ३० मोठे ब्लाइंड. तिथे अडीचपटीने, ३७५ ला उघडा, म्हणजे पहिली वाढ करा. कोणी १,१०० केले तर राण्या आणि एक्का-राजा घेऊन ऑल-इन जा, म्हणजे सगळ्या चिप्स लावा. आता मागे-पुढे करायला जागा उरलेली नसते.

फ्लॉपनंतर: एक जोडी म्हणजे एकच जोडी

फ्लॉप पडला की पहिलं काम म्हणजे पॉट मोजणं, दुसरं काम म्हणजे हातात उरलेल्या चिप्स मोजणं. मग दुसऱ्याला पहिल्याने भागा. उरलेल्या चिप्स पॉटच्या दुप्पट-तिप्पट किंवा कमी असतील तर मधल्या पत्त्यांपेक्षा मोठी जोडी सगळ्या चिप्स लावायला पुरेशी आहे. आठपट-दहापट असतील तर नाही. वर २५/५० ला तुम्ही १,१०० केले, तिथे समोरच्याने कॉल केला असं धरा: पॉटमध्ये २,२७५, हातात ३,९००. दुप्पटही नाही, तेव्हा एक्के घेऊन थांबू नका.

दहापट असताना एका जोडीवर सगळं का लावायचं नाही, याचं कारण समोरच्याच्या लहान जोडीत आहे. पंजींची जोडी धरून तो तुमचे १५० कॉल करतो, कारण साडेआठ वेळांत एकदा फ्लॉपवर त्याला तिसरी पंजी मिळते. बाकी वेळा तो फोल्ड करून १५० घालवतो. त्या एका वेळी तुम्ही त्याला सगळे ५,००० दिलेत तर त्याचा धंदा जोरात चालला. ५००-७०० देऊन थांबलात तर तो तोट्यात. पहिल्या तासात बाहेर पडणारे बहुतेक लोक हाच हप्ता भरून बाहेर पडतात.

दुसरा डाव, पूर्ण. तुमच्याकडे बदाम आणि किलवरची राणी. तुम्ही १५० केले, बटनवाल्याने, म्हणजे वाटप करणाऱ्याने, आणि मोठ्या ब्लाइंडवाल्याने कॉल केला. लहान ब्लाइंडचे २५ धरून पॉट ४७५, तुमच्याकडे ४,८५०. फ्लॉप: इस्पिक दश्शी, चौकट छक्की, किलवर तिर्री. तुमच्यासाठी छान फ्लॉप आहे. मोठ्या ब्लाइंडवाल्याने चेक केलं, तुम्ही २५० लावा. पॉटच्या निम्म्यापासून दोनतृतीयांशापर्यंत लावणं हे चांगलं माप आहे. पत्ते एकमेकांना लागून आणि दोन एका रंगाचे असतील तर वरच्या टोकाला जा, असे विखुरलेले असतील तर खालच्या. बटनवाल्याने फोल्ड केलं, मोठ्या ब्लाइंडवाल्याने कॉल. पॉट ९७५. टर्नला, म्हणजे मधल्या चौथ्या पत्त्याला, चौकट अठ्ठी. तो पुन्हा चेक, तुम्ही ५५०. आणि तो, तासभर नुसता कॉल करत बसलेला माणूस, १,५०० करतो.

इथे थांबा, पाणी प्या. तुमच्याकडे ४,०५० आहेत. कॉलला ९५० हवेत, पॉटमध्ये ३,०२५ आहेत. स्वस्त वाटतं, पण रिव्हरला, म्हणजे पाचव्या पत्त्याला, तो आणखी मागणार. तो काय घेऊन वाढवतोय? नव्वी-सत्ती असेल तर सीक्वेन्स झाला आणि एकही पत्ता तुम्हाला वाचवू शकत नाही. छक्क्या किंवा तिर्र्या तीन असतील तर उरलेल्या दोन राण्यांतली एक हवी, शंभरात पाचपेक्षाही कमी. दश्शी-अठ्ठी अशा दोन जोड्या असतील तर आठ पत्ते कामाचे, शंभरात अठरा. राजा-दश्शी घेऊन असा माणूस वाढवत नाही, कॉल करतो. राण्या खाली ठेवा. तुमच्याकडे ८१ मोठे ब्लाइंड शिल्लक आहेत, म्हणजे टुर्नामेंट जवळपास पूर्ण बाकी आहे. हाच रेज, म्हणजे हीच वाढ, दर दुसऱ्या डावात उगाच वाढवणाऱ्याकडून आला असता तर कॉल बरोबर होता. पत्त्यांपेक्षा माणूस बघायचा तो इथे.

राजांची जोडी असताना फ्लॉपवर एक्का पडणं साधारण शंभरात २३ वेळा घडतं. तेव्हा एकदा छोटी रक्कम लावा, पॉटच्या तिसऱ्या हिश्शाइतकी, आणि कॉल आला तर पुढे चेक करत जा. गुलामांना याहून वाईट दिवस येतात. शंभरात ५७ वेळा फ्लॉपवर त्यांच्याहून मोठा किमान एक पत्ता येतोच. एक्का-राजाला फ्लॉपवर जोडी तीनांत एकदाच मिळते. नाही मिळाली, समोर एकच जण आहे आणि शेवटचं तुम्हीच वाढवलं होतं, तर एकदा तिसऱ्या हिश्शाइतकं लावून बघा. कॉल आला तर हात आखडता घ्या.

हाताने होणाऱ्या चुका

उत्तम पत्ते हाती असूनही नवखे इथे फसतात.

रेज करायचा असेल तर आधी तोंडाने बोला: "रेज, दीडशे." काही न बोलता ५०० ची एकच चिप पुढे टाकलीत तर ती नुसता कॉल धरली जाते. एक्के धरून पाच जणांना आत घ्यायचा हा सर्वांत मूर्खपणाचा मार्ग, आणि तो रोज घडतो. तसंच "तुझे दीडशे कॉल... आणि वर तीनशे" चालत नाही. कॉल म्हणालात की कॉलच. रेजचं किमान मापही ठरलेलं आहे, आधीच्या वाढीइतकी वाढ तरी हवीच. ५० वरून कोणी १५० केले तर ती १०० ची वाढ, म्हणून तुमचा रेज निदान २५० चा.

पाळी येण्याआधी चिप्सना हात लावू नका. एक्के बघून हात आपोआप पुढे जातो आणि डावीकडचे सगळे सावध होतात. आपले दोन पत्ते टेबलावर ठेवून वर एक चिप ठेवा, म्हणजे फोल्डच्या ढिगात ते चुकून ओढले जाणार नाहीत. आणि फोल्ड केलेले पत्ते डाव सुरू असताना शेजाऱ्याला दाखवू नका. "काय बे, मी राण्या फेकल्या" हे डाव संपल्यावर बोला. मधेच बोललात की राण्यांची वाट बघणाऱ्याला उत्तर मिळून जातं.

तिसरा टप्पा संपला की दहा मिनिटं थांबा. २५ च्या चिप्स या वेळी मोठ्या चिप्समध्ये बदलून घ्या, कारण १००/२०० पासून त्यांची गरज राहत नाही. बदलून झालं की तुमच्या चिप्स २०० ने भागा. उत्तर २५ च्या खाली आलं तर इथले तिप्पट-चौपटीचे आकडे बाजूला ठेवा. पुढच्या टप्प्यांत उघडताना दुप्पट-सव्वादोनपट पुरते, आणि या लेखातल्या पहिल्या दोन ओळींचे पत्ते आले, आधी कोणी वाढवलेलं असलं, की उत्तर एकच: ऑल-इन.